खुर्ची न सोडणारा मंत्री

राजीनामा देणाऱ्या मंत्र्याबद्दल आपल्याला मनापासून आदर वाटतो, आणि तो वाटायलाच हवा. पटत नसेल तर पद सोडून बाजूला व्हावे, हा सार्वजनिक जीवनातला जुना आणि चांगला दंडक आहे. पण प्रमुख 'निघा' म्हणत असतानाही मंत्र्याने जागचे हलू नये, असा प्रसंग कधी येऊ शकतो का? माझ्या मते येऊ शकतो, आणि एकदा आला होता.

२१ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेचा युद्धमंत्री एडविन स्टँटन याच्या हातात राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनचे बडतर्फीचे पत्र पडले. स्टँटनने ते वाचले आणि वॉशिंग्टनच्या आपल्या कचेरीतच मुक्काम ठोकला. दाराशी पहारा बसला, जेवणखाण आत येऊ लागले, रात्रीची झोपही तिथेच. सिनेटर चार्ल्स समनरने त्याला निरोप धाडला तो फक्त एका शब्दाचा. अर्थ एवढाच, की हलू नका. स्टँटन तीन महिने हलला नाही. या प्रकरणातून अमेरिकेच्या इतिहासातला राष्ट्राध्यक्षावरचा पहिला महाभियोग उभा राहिला.

सत्तेला चिकटून बसलेला हट्टी माणूस, असे त्याच्याबद्दल म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. स्टँटनच्या कारकिर्दीत निषेध करावा अशा गोष्टी खरोखरच आहेत, आणि त्यांतली कोणतीही मी झाकणार नाही. पण त्याचे ते तीन महिने बसून राहणे मी त्या यादीत घालायला तयार नाही.

त्याचा जन्म १८१४ चा, ओहायो राज्यातल्या स्टुबेनव्हिलचा. वडील डॉक्टर होते. ते वारले तेव्हा हा १३ वर्षांचा होता, आणि शाळा सोडून पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला. दम्याने जन्मभर पाठ सोडली नाही. कॉलेज पैशांअभावी अर्धवट राहिले. पुढे वकिलीत मात्र त्याने असे नाव काढले, की देशातले मोठमोठे खटले त्याच्याकडे येऊ लागले. १८५५ साली सिनसिनाटीत कापणीयंत्राच्या पेटंटचा एक खटला चालला, त्यात त्याच्याच बाजूने इलिनॉयचा एक उंच, अघळपघळ कपड्यांतला वकील नेमलेला होता. स्टँटनने त्याची दखलसुद्धा घेतली नाही, त्याला खटल्यात बोलूही दिले नाही. तो वकील अब्राहम लिंकन. सात वर्षांनी त्याच लिंकनने स्टँटनला युद्धमंत्री केले. हा किस्सा लिंकनच्या मोठ्या मनाचा म्हणून नेहमी सांगितला जातो आणि तो तसा आहेही, पण लिंकनला तेव्हा असा माणूस हवाच होता, हे त्यात राहून जाते.

कारण उत्तरेतल्या आणि दक्षिणेतल्या राज्यांमधले यादवी युद्ध सुरू होऊन वर्षही झाले नव्हते आणि युद्धखात्याची अब्रू पार गेली होती. लिंकनचा पहिला युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन पेनसिल्व्हेनियातला मुरलेला राजकारणी. त्याच्या काळात ओळखीपाळखीवर कंत्राटे सुटली. चिंध्या पिंजून केलेल्या कापडाचे गणवेश शिपायांच्या अंगावर फाटत होते, आणि सरकार त्यांचे पुरे दाम मोजत होते. लिंकनने कॅमेरॉनला रशियात राजदूत म्हणून पाठवले, आणि एप्रिल १८६२ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्याच्यावर ठपका ठेवला.

२० जानेवारी १८६२ ला स्टँटनने खात्याची सूत्रे घेतली. त्याची लोकांना भेटण्याची रीत बघण्यासारखी होती. एका मोठ्या खोलीत छातीएवढ्या उंच मेजाशी तो उभा राहायचा. लांब दाढी, डोळ्यांवर बारीक चष्मा. भोवती कंत्राटदार, अधिकारी, मुलाच्या सुटीसाठी आलेल्या आया, नोकरी मागणारे असे सगळे एकत्र. एकेकाने पुढे यायचे आणि आपले काम सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे. कानाशी लागून बोलायला मुभाच नव्हती. ज्याला चारचौघांत मागता येत नाही असे काही मागायचे होते, तो रांगेतूनच परत फिरत असणार. मला या एका व्यवस्थेचे फार अप्रूप वाटते. पुढाऱ्याच्या दारातली गर्दी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, आणि त्या गर्दीतले खरे काम आतल्या खोलीत होते हेही आपल्याला ठाऊक आहे. स्टँटनने ती आतली खोलीच काढून टाकली होती.

कामाचा झपाटाही तसाच. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, फौजेचा पराभव झाला आणि ती चॅटनूगात अडकून पडली. स्टँटनने मध्यरात्री लिंकनला उठवून बैठकीला बोलावले. व्हर्जिनियातून २० हजारांवर सैनिक रेल्वेने पाठवायचे, असा त्याचा बेत. अंतर जवळजवळ १,२०० मैल. लिंकनलाही हे वेळेत जमेल असे वाटत नव्हते. स्टँटनने रेल्वे कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतले, तारांवर तारा सोडल्या, आणि दोन आठवड्यांच्या आत ती फौज टेनेसीच्या वेशीवर उतरली.

पण ज्या हाताने रेल्वे हलवली, त्याच हाताने माणसेही आत टाकली. ८ ऑगस्ट १८६२ च्या त्याच्या हुकमाने सैन्यभरतीला परावृत्त करणाऱ्या कोणालाही अटक करण्याचा अधिकार साध्या पोलिस अधिकाऱ्यांनाही मिळाला. 'परावृत्त करणे' म्हणजे नेमके काय, हे त्या त्या अधिकाऱ्याने ठरवायचे. बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित होता, त्यामुळे न्यायालयात दाद नाही. युद्ध संपेपर्यंत १३ हजारांहून अधिक नागरिक लष्करी कोठडीत जाऊन आले. सीमेवरच्या राज्यांत खरोखरच फितुरी होती, आणि अटक झालेल्यांत हेर आणि चोरटा व्यापार करणारेही होते, हे मान्य. पण इंडियानासारख्या राज्यात, जिथे न्यायालये रोज उघडी होती, तिथल्या लॅम्डिन मिलिगन नावाच्या वकिलाला लष्करी मंडळाने फाशी सुनावली, त्याचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे? १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. नागरी न्यायालये चालू असताना नागरिकांवर लष्करी खटला चालवता येत नाही, असे त्या निकालात लिहिणारा न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस हा लिंकनचा जुना स्नेही आणि लिंकननेच नेमलेला. लिंकनच्या खुनाचा खटलाही स्टँटनने लष्करी मंडळापुढेच चालवला. ७ जुलै १८६५ ला चौघे फासावर गेले. त्यांत मेरी सराट होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारने फाशी दिलेली ती पहिली स्त्री.

लिंकनच्या मृत्यूच्या रात्री, शेजारच्या खोलीत तो शेवटचे श्वास घेत असताना, हा माणूस साक्षी टिपून घेत होता आणि देशभर तारा पाठवत होता. सरकार एका क्षणासाठीही पांगळे झाले नाही ते त्याच्यामुळे. पण त्या रात्रीची निकड पुढचे कित्येक महिने चालवायची नसते. याच माणसाची डिसेंबर १८६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक झाली, सिनेटने ४६ विरुद्ध ११ मतांनी ती मंजूर केली, आणि चारच दिवसांनी, २४ डिसेंबरला, ५५ व्या वर्षी तो वारला. मिलिगनचा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींच्या शेजारी बसून त्याने काय न्याय केला असता, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

असा माणूस सत्ता सोडायला नकार देतो, तेव्हा आपण सावध व्हायलाच हवे. मीही झालो होतो. माझे मत बदलले ते सव्हानाच्या बैठकीचे इतिवृत्त वाचून.

जानेवारी १८६५. जनरल शर्मनने जॉर्जिया तुडवत जाऊन सव्हाना शहर घेतले होते. त्याच्या फौजेमागे हजारो मुक्त झालेले गुलाम पायी चालत आले होते. डिसेंबरात एबेनेझर नावाच्या ओढ्यावर शर्मनच्या हाताखालच्या एका सेनापतीने आपली फौज पार होताच तरता पूल काढून घेतला. मागे शत्रूचे घोडदळ, पुढे पाणी, आणि मध्ये बायकापोरांसह सापडलेली ही माणसे. कित्येक बुडाली. ही बातमी वॉशिंग्टनला पोहोचली होती. दम्याने बेजार झालेला स्टँटन बोटीने सव्हानाला गेला, आणि १२ जानेवारीच्या रात्री आठ वाजता शर्मनच्या मुक्कामाच्या घरी त्याने शहरातल्या २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना आणि चर्चच्या कारभाऱ्यांना बोलावले. एकेकाचे नाव, वय, किती वर्षे गुलामगिरीत काढली, हे सगळे नोंदवले गेले. सगळ्यांच्या वतीने बोलले ते गॅरिसन फ्रेझर. वय ६७. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ते गुलाम होते. सोन्याचांदीच्या नाण्यांत १,००० डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि आपल्या बायकोला विकत घेतले होते.

स्टँटन विचारत गेला आणि ते उत्तर देत गेले. गुलामगिरी म्हणजे तुम्ही काय समजता? दुसऱ्या माणसाचे श्रम त्याच्या संमतीवाचून, ज्याला अडवता येत नाही अशा बळाने घेणे, म्हणजे गुलामगिरी, असे फ्रेझर म्हणाले. स्वातंत्र्य म्हणजे? आमच्या श्रमाचे फळ आम्हाला घेता यावे, अशा जागी आम्हाला नेऊन बसवणे. स्वतःचा सांभाळ कसा कराल? जमीन द्या, आम्ही आमच्या मेहनतीने कसू. पुढे ती विकत घेऊन आपली करू. गोऱ्यांत मिसळून राहायला आवडेल की वेगळे? फ्रेझर यांनी वेगळे राहणे पसंत केले, कारण दक्षिणेतला आमच्याविषयीचा दुजाभाव जायला वर्षे लागतील, असे त्यांचे म्हणणे. एका तरुण धर्मोपदेशकाचे मत पडले, की एकत्रच राहावे. तेही नोंदवले गेले. मग स्टँटनने शर्मनला बाहेर जायला सांगितले. ज्या सेनापतीने नुकतेच जॉर्जिया जिंकून दिले होते, त्याला त्याच्याच मुक्कामाच्या खोलीबाहेर उभे करून युद्धमंत्र्याने कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसांना विचारले, की या माणसाबद्दल तुमचे मत काय. शर्मनला तो अपमान जन्मभर डाचला. मला मात्र त्या एका कृतीत लोकशाही दिसते. अंमल ज्यांच्यावर चालणार, त्यांना अंमलदाराविषयी विचारणे, तेही अंमलदाराला दूर ठेवून, हे आजही किती सरकारे करतात?

चार दिवसांनी शर्मनचा प्रसिद्ध हुकूम निघाला. चार्ल्सटनपासून दक्षिणेकडची बेटे आणि किनाऱ्यालगतची ३० मैलांपर्यंतची भातशेती मुक्त झालेल्यांसाठी राखून, प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन. जूनपर्यंत सुमारे ४० हजार माणसे त्या जमिनीवर राहायला गेली.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता शूद्र बांधवांच्या बाबतीत गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. पुण्यातून ते इतक्या दूरवर बघत होते. त्यामुळे सव्हानाची ती खोली मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. श्रम, जमीन आणि माणसाची किंमत, हे प्रश्न तेच होते.

लिंकन गेला आणि उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाला. त्याने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत करायला सुरुवात केली. पेरलेली शेते सोडून माणसे पुन्हा रस्त्यावर आली. मे १८६६ मध्ये मेम्फिसमध्ये ४६ कृष्णवर्णीयांना जमावाने ठार केले, चर्च आणि शाळा जाळल्या. जुलैअखेर न्यू ऑर्लीन्समध्ये, मताधिकार मागणाऱ्या परिषदेवर पोलिसांनी आणि जमावाने मिळून हल्ला केला. इथे स्टँटनच्या कपाळीचा सर्वांत मोठा डाग आहे. दोन दिवस आधी तिथल्या जनरल बेअर्डने काय करावे हे विचारणारी तार त्याला पाठवली होती. स्टँटनने उत्तर दिले नाही. ती तार अध्यक्षालाही दाखवली नाही. दिवसाला शेकडो तारा पाठवणाऱ्या या माणसाने त्या एका तारेला उत्तर का दिले नाही, याचा त्याने पुढे केलेला खुलासा मला पटत नाही. कृष्णवर्णीय शिपायांच्या पगाराबाबतही असेच. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरला त्याने समान पगाराची हमी दिली, आणि नंतर खात्याने गोऱ्यांना १३ डॉलर देत असताना यांना १० डॉलर देऊन त्यांतूनही ३ कपड्यांसाठी कापले. सैनिकांनी तो पगार घ्यायला नकार दिला, तेव्हा कुठे १८६४ मध्ये कायदा सुधारला. हे सारे धरूनच मी पुढचे म्हणतो आहे.

१८६७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जॉन्सनचा नकाराधिकार दोनतृतीयांश मतांनी मोडून काढत पुनर्रचनेचे कायदे केले. दक्षिणेतली दहा राज्ये पाच लष्करी विभागांत वाटली. सैन्याच्या देखरेखीखाली मतदारनोंदणी झाली आणि सात लाखांहून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांची नावे पहिल्यांदा यादीत चढली. या सगळ्याची कळ युद्धखात्यात होती. विभागाचा सेनापती कोण, त्याला पाठबळ मिळणार की नाही, हे तिथून ठरत होते. त्याच वर्षी काँग्रेसने आणखी एक कायदा केला. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला अध्यक्षाने सिनेटच्या संमतीशिवाय काढू नये, असा.

ऑगस्ट १८६७ मध्ये, काँग्रेसचे अधिवेशन नसताना, जॉन्सनने स्टँटनला निलंबित केले. लोक हे विसरतात, की त्या वेळी स्टँटन निघून गेला होता. निषेध नोंदवून त्याने सेनापती ग्रँटकडे कारभार दिला. मग काय झाले? दोन आठवड्यांत लुइझियाना आणि टेक्सासचा सेनापती शेरिडन हटवला गेला, पाठोपाठ कॅरोलायनांचा सेनापती सिकल्स. ग्रँटने विरोध केला, तो ऐकला गेला नाही. मतदार म्हणून नाव लावायला आलेल्या माणसाच्या पाठीशी जो उभा होता, तोच काढून घेतला जात होता. सभ्यपणे खुर्ची सोडल्याचा परिणाम स्टँटनने एकदा पाहिला होता. जानेवारीत सिनेटने निलंबन फेटाळले, तो परत आला. आणि फेब्रुवारीत दुसऱ्यांदा पत्र आले, तेव्हा तो बसून राहिला.

आता विरुद्ध बाजू, आणि ती कमकुवत नाही. मंत्री अध्यक्षाचा असतो. ज्याच्यावर विश्वास नाही असा मंत्री अध्यक्षाच्या माथी मारला, तर राज्य चालणार कसे? १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की तो १८६७ चा कायदा घटनाबाह्यच होता. त्याहून अवघड गोष्ट अशी, की हा कायदा घटनाबाह्य आहे असे मंत्रिमंडळात खुद्द स्टँटननेच सांगितले होते, आणि जॉन्सनच्या नकाराच्या मसुद्याला मदतही केली होती. शिवाय अध्यक्षाचे लष्करी हुकूम सेनापती ग्रँटमार्फतच जावेत, ही तरतूद त्याने बाउटवेल नावाच्या प्रतिनिधीला आतून सुचवली होती. ज्या अध्यक्षाच्या मंत्रिमंडळात बसायचे, त्याच्याविरुद्धचे कायदे मागल्या दाराने घडवायचे, हे मला खटकते. उंच मेजाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला ते शोभत नव्हते.

तरीही मी त्याच्या बाजूने उभा राहतो, त्याची कारणे दोन. पहिले असे, की मंत्र्याने अध्यक्षाचे ऐकावे हा नियम कशासाठी आहे? अध्यक्ष लोकांना जबाबदार असतो, म्हणून. जॉन्सन अध्यक्षपदी निवडून आलेला नव्हता. एका खुन्याच्या गोळीने तो तिथे आला होता. लोकांनी १८६६ मध्ये कौल दिला तो काँग्रेसला, आणि त्या काँग्रेसने रीतसर केलेले कायदे मोडीत काढायला तो मंत्री बदलत होता. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्टँटनने निकाल स्वतःच्या हाती घेतला नाही. त्याने बंदुका रोखल्या नाहीत, सैन्य रस्त्यावर आणले नाही. घटनेने ज्या सिनेटला न्याय करायला सांगितले आहे, तिचा निर्णय होईपर्यंत जागा सोडणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्या अवधीत काय घडले ते बघा. एप्रिल १८६८ मध्ये उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना, जॉर्जिया आणि लुइझियानात नव्या राज्यघटनांवर मतदान झाले. तीन वर्षांपूर्वी ज्यांची खरेदी-विक्री होत होती, त्या माणसांनी रांगेत उभे राहून मत टाकले. त्या महिन्यात युद्धखाते जॉन्सनच्या माणसाच्या हाती असते तर, हा विचार मी करून पाहतो आणि मला उत्तर आवडत नाही.

त्या घेरावातही एक माणुसकीचा प्रसंग आहे. जॉन्सनने नेमलेला हंगामी मंत्री लोरेन्झो थॉमस हा म्हातारा अधिकारी खात्याचा ताबा घेईन म्हणून गावभर सांगत सुटला, तेव्हा स्टँटनने त्याला पहाटेच अटक करवली. जामिनावर सुटून थॉमस तडक कचेरीत आला. 'मी युद्धमंत्री', 'नाही, मी', असे काही वेळ चालले. मग थॉमस म्हणाला, पुन्हा मला पकडायचे झाले तर निदान न्याहारी होऊ द्या. सकाळपासून पोटात काही नाही. स्टँटनने त्याच्या गळ्यात हात टाकला, केसांतून हात फिरवला, व्हिस्की मागवली, आणि दोघांनी मिळून ती घेतली. थॉमसनेच हे पुढे साक्षीत सांगितले.

१६ मे आणि २६ मे रोजी महाभियोगावर सिनेटमध्ये मते पडली. दोषी म्हणणारे ३५, निर्दोष म्हणणारे १९. दोनतृतीयांशाला एक मत कमी पडले आणि जॉन्सन वाचला. त्याच दिवशी, २६ मे रोजी, स्टँटनने कचेरी सोडली. कागदपत्रे आणि मालमत्ता त्याने जनरल एडवर्ड टाउनसेंड या अधिकाऱ्याच्या ताब्यात दिली आणि अध्यक्षाला तसे पत्र लिहिले. हा टाउनसेंड म्हणजे सव्हानाच्या त्या रात्री खोलीत बसून फ्रेझर यांची उत्तरे जशीच्या तशी उतरवल्याची सही करणारा माणूस.